गाडी घुमतीय

आमच्या घरात हळू बोलायची पद्धतच नव्हती. "मीठ दे" एवढंसुद्धा आम्ही अशा आवाजात म्हणायचो की नव्या माणसाला वाटावं, आता ताटं उडणार. लग्न होऊन मी सोलापुरातच, पण स्टेशनकडच्या शांत वस्तीत गेले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "तुझं काही बिनसलंय का गं आमच्याशी? सारखी ओरडत असतेस." मी म्हटलं, "मी कुठं ओरडले? चहा घेणार का, इतकंच तर विचारलं!" तेही मी ओरडूनच म्हटलं असणार, कारण दिवाणखान्यातून सासरे उठून आले. त्यांचा काय दोष? माझं माहेर पूर्व भागातलं, दोन खोल्यांचं, आणि घराच्या दोन्ही अंगांना आणि समोर यंत्रमागांचे कारखाने. खटक् खटक् खटक्, सकाळी डोळे उघडायच्या आधी ते कानात आलेलं असायचं. मांडणीवरची पातेली त्या तालावर दिवसभर किणकिणायची. वळसंगहून आईच्या माहेरची माणसं आली की म्हणायची, "तुमी ह्यात झोपता तरी कसं?" आम्हाला उलटं वाटायचं, वळसंगच्या त्या शांततेत या लोकांना झोप लागते कशी? आठवड्यातून एक दिवस मागांना सुट्टी असायची. त्या दिवशी सगळी गल्ली काहीतरी हरवल्यासारखी वागायची. आई मध्येच काम थांबवून म्हणायची, "कान कसं रिकामं रिकामं झाल्यात बाई."

माझे वडील, अण्णा, त्यातल्याच एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे मागांचा डॉक्टर. माग अडला, ठोका चुकला, धागा सारखा तुटायला लागला की जॉबरला हाक. हाक म्हणजे हात वर करायचा, कारण त्या गलक्यात तोंडाची हाक कुणाला जाणार? कारखान्यातली माणसं ओठांवरून बोलणं ओळखायची आणि बाकीचं हातांनी भागवायची. मूठ आवळली की माग बंद कर. तळहात पोटावर फिरवला की भाकरी खायला चल. अण्णा आले की मागाजवळ काही विचारायचे नाहीत. चालत्या मागाच्या लोखंडी सांगाड्यावर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि तसेच उभे राहायचे. मग डोळे उघडून नेमक्या जागी पाना लावायचे. डबा द्यायला गेले की मी ते दारातून बघायची. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

घरीसुद्धा आम्ही अण्णांशी तसंच बोलायचो. पाठीमागून हाक मारायची नाही, जाऊन खांद्याला हात लावायचा. ते वळले की तोंडासमोर तोंड करून, ओठ नीट हलवून बोलायचं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, चालायला शिकले तसं तेही आलं. सगळ्यांच्याच वडिलांशी असं बोलतात अशी माझी समजूत होती. 'बहिरा' हा शब्द आमच्या घरात कधी कुणी उच्चारला नाही. आईनं तर नाहीच नाही. अण्णांनी एखादी गोष्ट ऐकली नाही की ती म्हणायची, "त्यास्नी कामाचं ध्यान असतंय की." आणि आम्ही ते खरं मानून पुढं जायचो.

मग अण्णांचा कारखाना बंद पडला. काही दिवस ते घरात नुसते बसून राहिले आणि मांडणीवरची पातेली हातानं दाबून धरायचे, किणकिण थांबते का बघायला. शेवटी त्यांनी एका डॉक्टरांची जुनी पांढरी गाडी घेतली आणि ती भाड्यानं चालवायला सुरुवात केली. गाडी चालवायला ते मालकाच्या टेम्पोवर शिकलेले होते. सकाळी आई कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि एक कांदा धडप्यात बांधून द्यायची आणि अण्णा गाडी घेऊन एसटी स्टँडाजवळ जाऊन उभे राहायचे. त्या गाडीच्या सीटला शेंगाच्या चटणीचा वास असा काही बसला होता की गिऱ्हाईक बसल्या बसल्या विचारायचं, "मालक, काही खायला आहे का?" आजही मी चटणी मिक्सरमध्ये करत नाही, खलबत्त्यातच कुटते. तेल सुटेपर्यंत कुटायची, मग तिची खरी चव. माझी सून ऋता पुण्याची. ती तिखट किती घालायचं हे विचारायलासुद्धा हातातलं काम टाकून ओट्याच्या या बाजूला, अगदी माझ्यासमोर येऊन उभी राहते. पुण्याकडची माणसं शिस्तीची, असं म्हणून मी सोडून द्यायची.

गाडीच्या धंद्यात अण्णांची पहिली मोठी फजिती झाली ती वैरागची. तोंडात तंबाखू धरलेला एक गृहस्थ मागच्या सीटवर बसला, म्हणाला "वळसंग," आणि लगेच झोपला. वळसंग अक्कलकोटच्या वाटेवर आणि वैराग बार्शीच्या वाटेवर, म्हणजे एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. पण तंबाखू न सांडता दोन्ही नावं म्हणून बघा, ओठ सारखेच हलतात. अण्णांनी त्या माणसाला वैरागच्या बाजारात नेऊन उतरवला. तो उठला, इकडं तिकडं बघितलं, आणि म्हणाला, "माझं घर कुटं गेलं?" घरी येऊन अण्णांनी हे सांगितलं तेव्हा हसून हसून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "तोंडात तोबरा धरून बोलल्यावर काय कळणार?" असं अण्णा म्हणाले. आम्ही सगळे म्हणालो, खरं आहे, चूक त्या माणसाचीच. मीसुद्धा म्हणाले. तेव्हा मी कॉलेजात जात होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आम्ही तिघं वळसंगला एका जावळाला गेलो होतो. परतताना मी पुढं अण्णांशेजारी बसले होते, आई मागं पुरणपोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन पेंगत होती. रस्ता मोकळा होता. अण्णांनी वेग जरा वाढवला आणि मला कुठूनतरी आवाज यायला लागला. ऊंऽऽऽ असा, एका सुरात, खालच्या पट्टीत. वेग वाढला की सूर चढायचा, कमी झाला की उतरायचा. खिडकीतून येतोय का म्हणून मी काच लावली, तरी येतच होता. पायाखालच्या पत्र्यातून पण थोडं थोडं जाणवत होतं. गल्लीत शिरलो आणि मागांच्या खटखटाटात तो बुडून गेला. घरासमोर उतरल्यावर मी अण्णांच्या समोर जाऊन म्हटलं, "अण्णा, गाडी घुमतीय."

आता हा शब्द मी का वापरला, तर आमच्याकडं तोच शब्द आहे. भोवरा घुमतो, पारवा घुमतो, रिकामा हंडा घुमतो. पण आईची थोरली बहीण, वळसंगची मावशी, तिच्या अंगात यायचं आणि तीही घुमायची. केस मोकळे सोडून, पुढं मागं झुलत, घशातून ऊंऽऽ असा आवाज काढत. आम्ही नुकत्याच तिच्याच घरून आलेलो. अण्णांनी माझे ओठ बघून "काय घुमतंय?" असं विचारलं तोवर आईनं डबा खाली ठेवला होता.

"गाडी घुमतीय? आगं माझे आई! मी म्हनतच हुते, डाक्टरची गाडी नगं. किती मानसं नेली आसतील ह्यातनं, कुनाचा जीव गेला आसंल, काय ठावं!"

"आई, तसलं घुमणं नाही गं. चाकातून आवाज येतोय."

"मंग? तिच्या पन घशातनंच येतोय की आवाज!"

दुसऱ्या दिवशी गाडीच्या चारी चाकांखाली लिंबं आली, पुढं मिरच्या लोंबायला लागल्या. अण्णांनी लिंबांवरून गाडी नेली आणि मिरच्या तशाच ठेवल्या. बायकोशी वाद घालण्यापेक्षा मिरच्या बऱ्या असं त्यांचं मत होतं. पण माझ्या आग्रहाखातर ते मस्तानचाचांकडं गेले. मस्तानचाचा आमच्या गल्लीच्या तोंडाला गॅरेज चालवायचे. पांढरी दाढी, कायम काळी बोटं, आणि माणूस इतका मऊ की गाडीच्या बॉनेटवरसुद्धा हळूच थोपटायचे. त्यांनी चारी टायरांवरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "हौ बेटी, टायराँ ऊँच-नीच घिस गए ना, इसलिए गुनगुन करतीं." त्यांनी पुढचे टायर मागं आणि मागचे पुढं केले आणि अण्णांना म्हणाले, "एक चक्कर मारके आओ, आवाज गया क्या देखो." अण्णा गेले, चक्कर मारून आले.

"गेला आवाज," अण्णा म्हणाले.

चाचांनी समाधानानं हात पुसले. गॅरेजच्या समोरच चाळीस माग खटखटत होते, तिथं उभं राहून त्यांनाही काही कळण्यासारखं नव्हतं. त्यांनी अण्णांच्या शब्दावर विश्वास ठेवला. पुढच्याच दिवशी अण्णा मला कॉलेजला सोडायला निघाले आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी लागली तसं ऊंऽऽऽ पुन्हा सुरू झालं, पहिल्यापेक्षा वाढलेलं. मी अण्णांकडं बघितलं. ते समोर बघत मजेत गाडी चालवत होते.

ज्या दिवशी हे सगळं फुटलं तो दिवस मला ताटासकट आठवतो. दुपार होती, ताटात भाकरी आणि शेंगाची पातळ भाजी होती, आणि शेजारच्या पद्माक्का दारात उभ्या होत्या. पद्माक्का विणकर घरातल्या, घरात तेलुगू बोलायच्या आणि आमच्याशी मराठी. त्यांची मुलगी वाणी करमाळ्याला दिलेली, पहिलटकरीण, सातवा महिना लागलेला. तिला बाळंतपणाला घेऊन यायचं होतं. "एसटीत हादरे बसतात, अण्णा," त्या म्हणाल्या, "तुमच्या गाडीनं आणू. परवा सकाळी निघू या?" अण्णांनी मान हलवली. वाणी माझ्या वर्गातली, माझी जिवाची मैत्रीण. पद्माक्का वळल्या आणि मी भाकरी ताटात टाकली.

"अण्णा, गाडीचा आवाज गेलेला नाही. वाणीला त्या गाडीतून आणायची नाही."

"गेलाय की. मस्ताननं टायर बदललं न्हवं का?"

"नाही गेला! वाढलाय!"

"आगं, रस्त्याचा आसंल त्यो."

"रस्त्याचा नाही, चाकाचा आहे. मला ऐकू येतंय!"

"मला तर काय येत न्हाय."

"तुम्हाला येणारच नाही! तुम्ही बहिरे आहात!"

बाहेर माग चालू होते, खटक् खटक् चालू होतं, पण घरात एकदम सगळं बंद पडल्यासारखं झालं. पद्माक्का दारातच थांबल्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला आणि निघून गेल्या. अण्णा माझ्या ओठांकडं बघत होते. तो शब्द त्यांनी बरोबर वाचला होता, त्यात वैराग-वळसंगसारखा गोंधळ होण्यासारखं काही नव्हतं. आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला. "लाज न्हाय वाटत? बापाला आसं बोलतात?" अण्णांनी हात धुतले, अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवून उठले, आणि बाहेर जाऊन गाडीत बसले. गाडी सुरू केली नाही, नुसते बसून राहिले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि त्या रागात मी मनाशी म्हणत होते की मी खोटं काय बोलले? आज इतक्या वर्षांनी सांगते, खोटं नव्हतं, पण ते दारात पद्माक्का असताना बोलायला नको होतं. त्याची टोचणी अजून आहे.

दुसरा दिवस मागांच्या सुट्टीचा. सकाळी मला जाग आली ती खांद्यावरच्या हातानं. अण्णा होते. आमच्या घरात अण्णांच्या खांद्याला हात लावून आम्ही त्यांना उठवायचो, ते कधी आम्हाला नाही. "ऊठ मंदे," ते म्हणाले, "चल. कुठलं चाक हाय ते दाव मला."

आम्ही बार्शी रस्त्याला लागलो. एका बाभळीखाली त्यांनी गाडी थांबवली आणि माझ्याकडं तोंड केलं.

"कवापासनं ठावं हाय तुला?"

मी नीट ओठ हलवून सांगितलं, "पहिल्यापासून. पण मला वाटायचं सगळ्यांचे वडील असेच असतात."

ते हसले. मग म्हणाले, "स्टँडावर कळलं तर कोन बसंल गं माझ्या गाडीत? जॉबरकी गेली, आता हे बी गेलं तर मी करू काय? म्हनून म्हनलो, गेला आवाज." त्यांनी गमछ्यानं तोंड पुसलं. "पन त्या पोरीच्या पोटात लेकरू हाय. तितं खोटं बोलाय नको हुतं मी." मी "अण्णा, चुकलं माझं" म्हणाले, पण तोवर ते रस्त्याकडं वळले होते आणि माझे ओठ त्यांना दिसले नाहीत.

आता अडचण अशी की गाडी चालवताना ते समोर बघणार, मग मी आवाजाचं सांगायचं कसं? तोड अण्णांनीच काढली. त्यांनी माझा उजवा हात उचलून आपल्या डाव्या खांद्यावर ठेवला. "आवाज वाढला की दाब. कमी झाला की ढिला सोड." आणि आम्ही निघालो. वेग वाढला, ऊंऽऽ सुरू झालं, मी दाबलं. त्यांनी इंजिन बंद न करता गिअर काढून गाडी नुसती घरंगळू दिली. आवाज होता तसाच होता, मी हात तसाच ठेवला. "म्हंजे इंजनाचा न्हाय," ते स्वतःशी म्हणाले. मग मोकळ्या रस्त्यावर त्यांनी गाडी हलकेच उजवीकडं झुकवली. आवाज जवळजवळ मेला. मी हात ढिला सोडला. मग डावीकडं झुकवली, आणि ऊंऽऽ असा काही उसळला की माझी बोटं त्यांच्या खांद्यात रुतली. पुन्हा उजवीकडं, पुन्हा डावीकडं. चार वेळा करून बघितलं, चारी वेळा तेच.

"डावीकडं वळलं की सगळा भार उजव्या अंगावर येतो," अण्णा थांबून म्हणाले, "आनि भार आला की ते वरडतंय. उजवं चाक. आता पुढचं का मागचं?"

मी डोळे मिटून आठवलं आणि ठामपणे सांगितलं, मागचं. माझ्या पाठीमागूनच येत होता तो. माझे कान तल्लख, मला शंकाच नव्हती.

अगदी हळू गाडी घरी आणली. गल्ली सामसूम होती, माणसं ओट्यांवर बसून उगाच इकडं तिकडं बघत होती. अण्णांनी मागचं उजवं चाक जॅकवर उचललं. एका हातानं चाक फिरवलं आणि दुसऱ्या हाताचा तळवा आतल्या स्प्रिंगच्या पाट्यावर ठेवला, डोळे मिटले. कारखान्याच्या दारातून मी जे बघायची तेच पुन्हा बघत होते. चाक फिरून थांबलं. अण्णांनी मान हलवली. "हे गप हाय." मग त्यांनी जॅक पुढच्या उजव्या चाकाला लावला, तळवा स्प्रिंगवर ठेवला, चाकाला गती दिली आणि त्यांचा चेहरा बदलला. तो चेहरा मी कारखाना बंद पडल्यापासून बघितला नव्हता.

एवढ्यात आई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन बाहेर आली. मिटल्या डोळ्यांनी, गाडीवर हात ठेवून बसलेले अण्णा तिनं बघितले आणि तिला जे समजायचं ते समजलं. वळसंगला मावशीच्या अंगात आलं की तिच्या पाठीवर असाच हात ठेवून विचारतात, कोण आलंय, काय पाहिजे. आई अण्णांच्या समोर जाऊन उकिडवी बसली, त्यांनी डोळे उघडले तेव्हा हात जोडून म्हणाली, "कोन हाय म्हनतंय?"

अण्णांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "बेरिंग हाय."

"आनि? काय पायजे म्हनतंय?"

"ग्रीस पायजे म्हनतंय. लई दीस झालं, कुनी घातलं न्हाय म्हनून रागावलंय."

ओट्यावरची माणसं खो खो हसली, मीही हसले, आणि आई "हासा, हासा मेल्यांनो" म्हणत तरीपण चाकाला कुंकू लावूनच आत गेली. अण्णांनी मला जवळ बोलावलं, माझा तळवा घेऊन त्या स्प्रिंगवर ठेवला आणि चाक फिरवलं. जात्यात खडा गेला की खुंट्याला जशी करकर लागते तसं काहीतरी हाताला लागलं. कानाला मात्र काहीही येत नव्हतं. माझ्या तल्लख कानांनी मागचं म्हणून सांगितलेलं चाक पुढचं निघालं होतं. मस्तानचाचा आले, त्यांनी चाक उतरवलं आणि आतलं बेरिंग काढून अण्णांच्या हातावर ठेवलं. जळून निळंकाळं झालेलं, आतल्या दोन गोळ्यांचे तुकडे पडलेले. "और पचास-साठ मैल जाते तो चक्काच निकल जाता, भाई," चाचा म्हणाले, आणि मग फार हळू, "मेरेकू झूठ कायको बोले?" अण्णा त्यांच्या ओठांकडं बघत होते. म्हणाले, "ऐकू येत न्हाय मला, मस्तान." गल्लीत इतकी शांतता होती की ते सगळ्यांना ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी नव्या बेरिंगवर आम्ही करमाळ्याहून वाणीला आणलं. पुढं अण्णा आणि मी, मागं पद्माक्का आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून वाणी. ती अख्ख्या वाटेत झोपली होती. मी एकसारखा कान देत होते, आवाज नव्हता, तरी माझा हात अण्णांच्या खांद्यावर होता आणि त्यांनी तो काढायला सांगितला नाही. त्यानंतर अण्णांनी गाडीला आणखी दोन मोठे आरसे लावले आणि स्टँडावर सगळ्यांना स्वतःच सांगून टाकलं, मला ऐकू येत नाही, माझ्याकडं तोंड करून सांगा. काही गिऱ्हाइकं तुटली. पण मग एक गंमत झाली. 'बहिऱ्याची गाडी' म्हणून लोक मुद्दाम विचारत यायला लागले, कारण त्या गाडीत बसून घरच्या भानगडी मनसोक्त बोलता यायच्या, नवराबायकोला खुशाल भांडता यायचं. आरशातून अण्णांना सगळं दिसायचं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. घरी येऊन ते आईला एकेक सांगायचे.

गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं. अजून मी चालवते. गेल्या महिन्यात वाणीच्या नातीच्या बारशाला करमाळ्याला निघाले होते, ऋता शेजारी होती. टेंभुर्णीच्या अलीकडं तिनं माझ्या हाताला हात लावला. मी क्षणभर तिच्याकडं बघितलं.

"आई, चाकातून कसलातरी आवाज येतोय. बारीक, सलग. येतोय ना?"

"रस्त्याचा असेल गं," मी म्हणाले.

म्हणाले आणि माझा मलाच धक्का बसला. तोच शब्द, तोच बेफिकीर सूर. ज्या खटखटाटानं अण्णांचे कान नेले त्यातच मीही वाढले होते. गेली काही वर्षं मी टीव्हीवरच्या माणसांचे ओठ बघत होते, फोनवर "रेंज नाही" म्हणून तो मुलाच्या हातात देत होते, आणि हे कुणाला कळलेलं नाही अशा भ्रमात सुखानं राहत होते. मी गाडी कडेला घेतली. तिच्याकडं तोंड केलं. अण्णांना जे मस्तानचाचांसमोर बोलता आलं ते सुनेसमोर बोलायला मला किती जड गेलं म्हणून सांगू! पण बोलले. "ऋता, मला ऐकू येत नाही गं."

तिनं मान हलवली. अगदी नीट ओठ हलवून म्हणाली, "मला माहितीये, आई. म्हणून तर मी नेहमी तुमच्यासमोर येऊन बोलते."

मग पदरानं डोळे पुसले, तिचा हात उचलून माझ्या खांद्यावर ठेवला आणि सांगितलं, आवाज वाढला की दाब, कमी झाला की ढिला सोड. गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. मागं पुढं कुणी नाही हे आरशांत बघून हलकेच डावीकडं झुकवली. तिची बोटं माझ्या खांद्यात रुतली.

"उजवं चाक," मी म्हणाले, "पुढचं का मागचं ते उतरून हातानं बघू."